नाव, संख्या आणि वाचक : सैनिकस्मारकांच्या संहितांविषयी

१

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच सर्वत्र ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ सैनिक कामी आले. सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत, त्याचप्रमाणे पंजाबात, ज्या गावांनी त्या युद्धाला माणसे पुरवली त्या गावांत ब्रिटिश सरकारने स्मृतिफलक बसवले. त्यांच्या मजकुराचा साचा जवळजवळ सर्वत्र एकच आहे. या गावातून १९१४ ते १९१९ या काळात अमुक इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तो सांगतो. दोन विधाने आणि दोन संख्या. नाव एकही नाही.

फ्रान्समधील नव-शापेल येथे याच युद्धात पश्चिम आघाडीवर मरण पावलेल्या आणि ज्यांना ज्ञात थडगे अगर दहनस्थान नाही अशा भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. हर्बर्ट बेकर या वास्तुशिल्पज्ञाने त्याची रचना केली असून ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याच्या भिंतींवर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्ये या गावावर झालेल्या चढाईत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्स पथकाच्या दोन तुकड्यांनी भाग घेतला होता; म्हणजे या भिंतीचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ साम्राज्याच्या नकाशावरचा नाही.

या दोन संहिता शेजारी ठेवल्या की एक विसंगती लक्षात येते. मृतांची नावे ज्या ठिकाणी प्रत्येकाला ठाऊक होती, त्यांची घरे, भावकी, शेते जेथे होती, तेथे फक्त संख्या लिहिली गेली. जेथे ही नावे ओळखणारा, फार काय त्यांचा धड उच्चार करू शकणारा माणूसही सहसा फिरकणार नव्हता, तेथे ती पाषाणात कोरली गेली. ही विसंगती प्रशासकीय योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि ती वाङ्मयीन दृष्टीने अर्थपूर्ण आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. स्मारकाचा लेख ही एक संहिता आहे आणि कोणत्याही संहितेप्रमाणे ती एक वाचक गृहीत धरते. सैनिकाचा सन्मान नाव कोरल्याने होतो किंवा न कोरल्याने होत नाही, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. नाव आणि ते वाचू शकणारा समाज यांच्यामध्ये काय घडते, यावर तो अवलंबून असतो. म्हणून स्मारकासंबंधी पहिला प्रश्न 'येथे कोणाचे स्मरण केले आहे?' असा न विचारता 'हे कोणी वाचावे अशी अपेक्षा आहे?' असा विचारावयास हवा.

२

मराठी समीक्षेने या प्रकारच्या लेखनाची दखल जवळजवळ घेतलेली नाही. ताम्रपट, शिलालेख, स्मृतिफलक हे भाषेच्या इतिहासाचे अगर इतिहाससंशोधनाचे साधन मानले गेले. त्यांतील भाषिक रूपांची चिकित्सा झाली, कालनिश्चिती झाली. परंतु अर्थ निर्माण करणारी रचना या नात्याने त्यांच्याकडे पाहण्याचे कारण कोणाला जाणवले नाही. याचे मूळ आपल्या सौंदर्यविचारात आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून आपल्याकडे वाङ्मयकृतीची स्वायत्तता हा चर्चेचा केंद्रबिंदू राहिला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कला ही संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते हे साक्षेपाने दाखवले. परंतु त्यानंतरही 'लौकिक' ध्रुवाच्या अगदी टोकाशी असणाऱ्या, म्हणजे ज्यांचे प्रयोजन उघडपणे लौकिक आहे अशा, संहितांकडे वळण्याऐवजी आपण कथा-कादंबरीतील लौकिकतेचीच चर्चा करीत राहिलो.

पाश्चात्त्य विचारात हा विषय निराळ्या वाटेने आला. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्र या कल्पित समुदायाचे विवेचन करताना अज्ञात सैनिकाच्या थडग्याला मध्यवर्ती स्थान दिले. त्या थडग्याचे रिकामेपण, तेथे कोण पुरला आहे हे माहीत नसणे, हीच राष्ट्रभावनेला आवश्यक अशी मोकळी जागा होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. याउलट थॉमस लाकर यांनी १९९४ मध्ये पहिल्या महायुद्धातील नामलेखनाच्या प्रचंड खटाटोपाकडे लक्ष वेधले. सामान्य शिपायाचे नाव कोरणे ही गोष्ट नवी आहे. त्यापूर्वीच्या युद्धांत शिपाई बहुधा निनावीच पुरला जाई. पूर्ण निनावीपण आणि संपूर्ण यादी ही आधुनिक स्मरणाची दोन टोके एकाच युद्धातून निघाली, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

या दोघांच्या विवेचनात वसाहतीचा शिपाई मात्र फारसा येत नाही. तो आला की दोन्ही टोकांच्या मधली तिसरी शक्यता समोर येते. ती म्हणजे संख्या. संख्या ही धड निनावी नसते आणि धड नावही नसते. निनावीपण व्यक्तीविषयीचे अज्ञान कबूल करते. संख्येला तसे करता येत नाही. कारण मोजणाऱ्याला प्रत्येक माणूस माहीत असल्याखेरीज मोजणी होत नाही. नाव ठाऊक असताना ते न लिहिणे, हा संख्येच्या संहितेचा विशेष आहे. वोल्फगांग इझर यांनी वापरलेली 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. इझर यांचा विचार प्रामुख्याने कादंबरीच्या संदर्भात झाला. परंतु संहितेच्या घडणीतच एक वाचक गुंफलेला असतो हा त्यांचा मुद्दा फलकाला अधिकच काटेकोरपणे लागू पडतो. फलकाचा मजकूर इतका अल्प असतो की काय लिहिले आणि काय गाळले यावरून तो कोणाशी बोलत आहे हे चटकन कळते.

३

स्मारकात नाव असावे ही अपेक्षा आपल्या परंपरेत मुळात होती काय, हे आधी पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात गावोगाव, मंदिरांच्या आवारात, वेशीपाशी वीरगळ उभे आहेत. सर्वसाधारण वीरगळात खालच्या चौकटीत युद्धप्रसंग अगर वीराचा मृत्यू, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत असे दृश्य, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शिरोभागी सूर्यचंद्र अशी मांडणी असते. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे तपशीलवार शिल्पांकन आहे. 'वीरगळ' या शब्दातील 'गळ' हा कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड, या शब्दाशी निगडित आहे. कर्नाटकातील असे दगड पुष्कळदा कोरीव लेखांसह आढळतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखविरहित आहेत. १९८२ मध्ये एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरील ग्रंथामुळे या विषयाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळाली. पण वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यापासून फारसे काही घेतले नाही.

नाव नसलेला वीरगळ सन्मानहीन ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. त्याला शेंदूर लागतो, तेल वाहिले जाते, काही ठिकाणी लग्नानंतर नवरानवरी त्याच्या पाया पडतात. त्याचा अभिप्रेत वाचक निरक्षर असला तरी परका नाही. दगडावर नसलेले नाव त्याला प्रथम माहीत असते. कालांतराने ते विसरले जाते आणि वीराचा देव होतो. येथे नावाचा लोप होतो खरा, परंतु तो समाजाच्या हातून आणि समाजाच्या कालगतीने होतो. लिहिणाऱ्याने तो आधीच ठरवून टाकलेला नसतो.

मौखिक वाङ्मयाकडे वळले तर चित्र थोडे बदलते. पोवाडा हा नामप्रधान रचनाप्रकार आहे, पण त्यातील नावांची वाटणी विषम आहे. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजी आणि त्याच्या निकटचे मोजके लोक व्यक्ती म्हणून येतात. मावळ्यांचा मात्र समूह होतो. पानिपतच्या पराभवानंतर दक्षिणेत आल्याचे परंपरेने सांगितले जाते त्या सांकेतिक निरोपात ही श्रेणी अत्यंत उघडपणे दिसते. मोती गळाले ते दोन, मोहरा गेल्या त्या सत्तावीस, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्याचा आशय आहे. हा निरोप शोकाचा उद्‌गार म्हणून आपण आजवर वाचत आलो. पण तो मृत्यूच्या हिशेबाचाही नमुना आहे. मोती कोण हे ऐकणाऱ्याला लगेच कळते, मोहरा कोण हे चौकशीने कळू शकते. खुर्दा मात्र नाण्याच्या उपमेतच विरघळून जातो.

आधुनिक कवितेतही ही वाटणी टिकून आहे. प्रतापराव गुजरांच्या १६७४ मधील मृत्यूवरील कुसुमाग्रजांची सुप्रसिद्ध कविता 'सात' या संख्येवर उभी आहे. त्या सातांपैकी सहांची नावे कवितेत नाहीत आणि कवितेला ती नकोही आहेत. तिचे बळ त्या संख्येच्या अल्पपणात आहे. परंतु ही कविता गीतरूपाने घरोघर पोचल्यावर सहा नावांची एक यादी लोकांत फिरू लागली. तिच्या ऐतिहासिक आधाराविषयी शंका घेतली जाते. ती शंका रास्त मानली तरी वाचकाच्या दृष्टीने जे घडले ते महत्त्वाचे आहे. संख्या ऐकून वाचकाचे समाधान झाले नाही. त्याने नावे मागितली, आणि ती मिळेनात तेव्हा ती कोठून तरी आणली. संख्येविषयीचे हे असमाधान ही आपल्या विषयातील मूलभूत वस्तुस्थिती आहे.

४

आता साम्राज्याच्या स्मरणव्यवस्थेकडे येऊ. इंपीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनची स्थापना मे १९१७ मध्ये झाली. हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण करावयाचे, हे त्याचे घोषित तत्त्व होते. सेनापती आणि शिपाई यांच्या थडग्यांवरील शिळा एकाच आकाराच्या असाव्यात हा निर्णय त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होता, आणि श्रीमंत घराण्यांचा त्याला विरोधही झाला. नव-शापेलची भिंत या तत्त्वाचे फलित आहे.

परंतु इराकमधील बसरा येथील स्मारक या तत्त्वाला बसलेला तडा दाखवते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे हे स्मारक. महाराष्ट्राचा या मोहिमेशी असलेला संबंध फ्रान्सपेक्षा कितीतरी निकटचा आहे. सहावी पुणे डिव्हिजन याच आघाडीवर होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुट येथे जो वेढा पडला आणि ज्याचा शेवट शरणागतीत झाला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. इतर भारतीय शिपाई मात्र आपापल्या पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदले गेले. त्यांची एकूण संख्या ३३,००० हून अधिक आहे. पुढे १९९७ मध्ये इराकी शासनाने हे संपूर्ण स्मारक मूळ जागेवरून हलवून वाळवंटी भागात नव्याने उभारले. म्हणजे उरलेल्या वाचकांपासूनही ते दूर गेले.

एकाच कमिशनने, एकाच तत्त्वाखाली, एकाच सैन्यातील मृतांसाठी दोन वेगळ्या संहिता का लिहिल्या? एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि कमिशनने त्याबद्दल क्षमायाचना केली. प्रामुख्याने आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतील अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले. आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा झालेच नाही, असे त्यात म्हटले आहे. या अहवालाचा वाङ्मयाच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारा भाग आकड्यांत नसून कारणमीमांसेत आहे. अमुक समाजाला व्यक्तिगत शिळेचे मोल नाही, तेथल्या माणसाला कोरलेल्या नावाचा अर्थ कळणार नाही, अशी त्या काळच्या प्रशासकांची समजूत होती आणि तीवर हे निर्णय आधारले होते. थोडक्यात, नाव गाळले गेले ते मृताविषयीच्या मतामुळे तितके नव्हे, जितके त्याच्या संभाव्य वाचकाविषयीच्या मतामुळे. वाचक अपात्र ठरवला गेला आणि म्हणून नाव अनावश्यक ठरले.

हा दुवा हाती आला की नव-शापेलचाही उलगडा होतो. ती भिंत युरोपच्या भूमीवर आहे. तिचा अभिप्रेत वाचक सातारचा अगर गढवालचा नाही. साम्राज्याच्या समतेची साक्ष पटावी असा युरोपीय प्रवासी हा तिचा वाचक आहे. त्याला एकेक नाव वाचावयाचे नसते. नावांची दाटी पाहावयाची असते. कोरलेली नावे अशा वेळी पोत होतात. कमिशनच्या नोंदवह्यांत अनेक सैनिकांच्या बापाचे नाव आणि गाव सापडते. भिंतीवर मात्र ते नाही. मराठी माणसाचे नाव वडिलांच्या नावाशिवाय आणि गावाशिवाय अपुरे असते. भिंतीवर उरते ते अपुरे नाव, रोमन लिपीत. यामुळे त्या भिंतीचे मोल कमी होते असे मला म्हणावयाचे नाही. नाव कोरलेले असल्यामुळे तेथे उद्या कोणी नातू येऊन बोट ठेवू शकतो, आणि ही शक्यता बसऱ्यात मुळातच नाकारलेली आहे. पण शक्यता आणि वाचन यांत अंतर आहे.

५

आता पुन्हा गावफलकाकडे पाहू. त्याचा वाचक कोण? गावकरी नव्हे, कारण गावकऱ्याला त्यातून नवीन असे काहीच कळत नाही, आणि बहुधा इंग्रजीत असलेला तो मजकूर त्या काळी गावात किती जणांना वाचता आला असेल हाही प्रश्नच आहे. संख्या ही तुलनेसाठी असते. या गावाने किती दिले आणि शेजारच्या गावाने किती, हे दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याला, पुढील भरतीसाठी येणाऱ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कळावे, असा हा मजकूर आहे. येथे गाव हा कर्ता आहे आणि पुरुष ही त्याने पुरवलेली वस्तू. महसुलाच्या नोंदीशी या वाक्यरचनेचे असलेले साम्य दृष्टिआड करता येण्यासारखे नाही.

मात्र या संहितेत एक गोष्ट अशी आहे, जी नव-शापेलच्या भिंतीत अगर बसऱ्याच्या स्मारकात नाही. ती म्हणजे पहिली संख्या. किती गेले हे फलक आधी सांगतो आणि त्यांपैकी किती मेले हे नंतर सांगतो. पहिल्या संख्येतून दुसरी वजा केली की परत आलेल्यांची संख्या मिळते. ती फलकावर लिहिलेली नाही. परत आलेला सैनिक स्मारकाच्या व्याकरणात केवळ वजाबाकीने सिद्ध होतो.

परत आलेल्याचे वाङ्मय कोणते? मराठी कादंबरीत त्याचा शोध घेतला तर हाती फार थोडे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर लिहिल्या गेलेल्या विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चे (१९३९) शीर्षक युद्धाचे आहे. तिचे नाट्य मात्र युरोपातून परतणाऱ्या बोटीवरील प्रवाशांच्या मनांत घडते. सैनिक हा आपल्या प्रमुख कथनपरंपरेचा नायक क्वचितच झाला. तरीही परत आलेल्या सैनिकाने लिहिलेच नाही असे नाही. आपण त्याला सैनिकाचे लेखन म्हणून ओळखले नाही. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले, दापोलीच्या परिसरात राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद झाल्यावर सरकारला द्यावयाचा अर्ज तयार करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी दिलेल्या अर्जातही पूर्वजांच्या लष्करी सेवेचा आधार घेतलेला आहे. वाङ्मयेतिहासात हे लेखन समाजसुधारणेच्या प्रकरणात येते आणि ते योग्यच आहे. परंतु ते निवृत्त सैनिकाच्या अनुभवातून आणि सैनिकसमाजाच्या स्मृतीतून उद्‌भवलेले आहे, ही गोष्ट आपण हिशेबात घेतलेली नाही. मृत सैनिकाला शिळा मिळते. जिवंत सैनिकाला आपली संहिता स्वतःच लिहावी लागते, आणि तिचा रचनाप्रकार बहुधा अर्ज हा असतो. अर्जाचा अभिप्रेत वाचक सत्ताधारी असतो; म्हणून स्मरणाला तेथे पुराव्याचे रूप येते.

६

पुराव्याचे रूप घेणाऱ्या स्मरणाचे सर्वांत अर्थगर्भ उदाहरण कोरेगाव भीमा येथील स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला. २६ मार्च १८२१ रोजी त्याची कोनशिला बसवली गेली. त्यावर इंग्रजी आणि मराठी लेख आहेत. कंपनीच्या सेवेत पडलेल्यांच्या यादीत ४९ नावे असून त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा महारांच्या नावांत येणारा प्रत्यय आहे.

ही यादी लिहिणाऱ्याचा हेतू स्पष्ट आहे. कंपनीचा विजय आणि तिच्या शिपायांची निष्ठा यांचे ते शिलारूप आहे. 'नाक' या प्रत्ययाकडे लक्ष वेधावे असा त्या लेखकाचा इरादा होता असे मानण्यास काही आधार नाही. पलटणीच्या पटावर नाव जसे होते तसे त्याने उतरवले असावे. शंभर वर्षांनंतर मात्र या यादीला दुसरा वाचक मिळाला. १८९२ च्या भरतीबंदीनंतर, आणि १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये विसर्जित झाल्यानंतर, त्या प्रत्ययाला वेगळाच अर्थ प्राप्त झाला होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या स्तंभाला भेट दिली. ते सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र होते, म्हणजे वर ज्या वजाबाकीचा उल्लेख केला तिच्यातून उरलेल्या घराण्यांपैकी एकाचे प्रतिनिधी होते, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या प्रारंभीच्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता.

या घटनेकडे वाचनाची घटना म्हणून पाहिले पाहिजे. संहितेतील एकही अक्षर बदललेले नाही. कंपनीच्या निष्ठेची यादी नव्या वाचकाच्या हाती अस्पृश्य ठरवलेल्यांच्या शौर्याची यादी झाली. विजय कोणाचा या प्रश्नाला असलेले जुने उत्तर दुय्यम ठरले. याउस यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अपेक्षांचे क्षितिज बदलले. या स्तंभाच्या अर्थाविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. २०१८ मध्ये लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी तेथे हिंसाचार झाला. मतभेदांचे हे अस्तित्वच या संहितेच्या जिवंतपणाचे गमक आहे. माझ्या प्रतिपादनाच्या दृष्टीने निर्णायक बाब मात्र एकच आहे: स्तंभावर '४९' एवढीच संख्या असती, तर हे दुसरे वाचन संभवलेच नसते. 'नाक' हा प्रत्यय संख्येत मावत नाही.

७

राजधानीतील स्मारकांत नाव आणि निनावीपण यांचा असाच, पण वेगळ्या प्रकारचा, थर साचलेला दिसतो. ल्युटेन्स यांनी रचना केलेल्या आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये अनावरण झालेल्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत. त्यांतील उंचावरची कित्येक नावे खालून वाचता येत नाहीत. बांगलादेश युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, त्याच कमानीखाली अमर जवान ज्योतीचे उद्‌घाटन झाले. उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, शेजारी ज्योत आणि नाव एकही नाही. साम्राज्याने लिहिलेल्या नावांखाली प्रजासत्ताकाने निनावीपणा ठेवला. एका वाचनात ही विसंगती होती. दुसऱ्या वाचनात, राष्ट्राने स्वतःची मोकळी जागा परक्याच्या यादीखाली शोधली होती. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे लोकार्पण झाले. त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या विटांवर १९४७ नंतर कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालील ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली.

त्या वेळी झालेल्या वादात दोन्ही बाजूंनी नावांचाच आधार घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९७१ मध्ये मरण पावलेल्यांची नावे इंडिया गेटवर नाहीत, असे एका बाजूचे म्हणणे होते. पन्नास वर्षे लोकांनी ज्या जागी मस्तक नमवले ती जागा रिकामी करणे योग्य नव्हे, असे दुसरीचे. पहिल्या बाजूने संहितेचा आधार घेतला, दुसरीने वाचनाच्या परंपरेचा. येथे प्रतिपादलेल्या भूमिकेनुसार या दोहोंपैकी कोणताही आधार फेटाळता येत नाही. नाव एका वाचनीय उंचीवर आले, वीट हाताला लागू लागली, ही जमेची बाजू आहे. आणि वाचकसमाजाने घडवलेले स्थान शासकीय निर्णयाने हलवता येते, ही चिंतेची.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की स्मृतिफलकाला वाङ्मय म्हणणे ही वाङ्मय या संकल्पनेची ओढाताण आहे. याला माझे उत्तर मर्यादित आहे. फलक ही कलाकृती आहे असा माझा दावा नाही. निवड, गाळणी, वाक्यरचना, अभिप्रेत वाचक ही वाङ्मयविचारातील उपकरणे फलकाला लावली असता जे दिसते ते इतिहाससंशोधकाला सहसा दिसत नाही, एवढाच दावा आहे. उपकरणे आपली असतील तर ती वापरण्याची जबाबदारीही आपली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सन्मान वाचकामुळे सिद्ध होतो असे म्हटले, तर लिहिणाऱ्या सत्तेची जबाबदारी नाहीशी होते. वाचक पाहून घेईल, असे म्हणून कोणीही काहीही लिहावे. बसऱ्याचे उदाहरण या आक्षेपाला उत्तर देते. वाचक पुढे येऊ शकेल एवढी वाट मोकळी ठेवणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती वाट म्हणजे नाव: पूर्ण, वाचनीय, ज्यांना ते ओळखता येईल त्यांच्या लिपीत. वीरगळाला नावाची गरज नव्हती, कारण त्याचा वाचक त्याच्या शेजारी राहत होता. ज्या राज्यव्यवस्थेने सातारचा माणूस बसऱ्यास नेऊन मारला, तिला ही सवलत घेता येत नाही.

यातून आपल्या अभ्यासक्षेत्रापुरते एक काम निघते. गावफलकांवरील संख्यांमागची नावे कमिशनच्या नोंदवह्यांत, पलटणींच्या दप्तरांत आणि घराघरांच्या आठवणींत विखुरलेली आहेत. यांतील शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे. जात्यावरच्या ओवीत बंधूचे आणि लेकाचे नाव गुंफण्याची रीत होती. ओव्यांच्या संकलनांकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. ज्या गावांत फलक आहे तेथे संख्येखाली नावे लिहिली जावीत, आणि मृतांबरोबर परत आलेल्यांचीही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण याच गावांतून येतात. बसऱ्याची भिंत भरून काढणे आपल्या हाती नाही. पण गावच्या फलकासमोर तो विद्यार्थी उभा राहतो तेव्हा, पहिल्या संख्येतून दुसरी वजा करण्याऐवजी, दोन्ही संख्या नावांत उलगडण्याचे शिक्षण आपण त्याला दिले आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.